कापोमासी आणि मंडळी

एलिओला दात येत होते. त्याला झोळीत बांधून, करंगळी त्याच्या तोंडात देऊन लोरेत्ताने एका हातानेच कारखान्याचं शटर वर ढकललं, आणि सरसाचा, मेणाचा, जुन्या लाकडाचा रोजचा वास अंगावर आला. कारखाना म्हणायचं ते तिचा बाप म्हणायचा म्हणून. कास्तेलफिदार्दो गावात पोर्ता मारीना या वेशीच्या खालच्या उतारावर एक लांबट खोली, तिच्यात कामाची टेबलं, भिंतीला टांगलेले अकॉर्डियनांचे उघडे सांगाडे, आणि वर राहायच्या दोन खोल्या. खिडकीतून खाली शेंगांची शेतं, त्यांच्यापलीकडे लोरेतोच्या चर्चचा घुमट, आणि त्याच्याही मागे समुद्राची एक बारीक रेघ. दारावर बापाच्या हाताने रंगवलेली पाटी: 'आर्कान्जेलो कापोमासी आणि मंडळी'.

विनिचो आधीच येऊन पायरीवर बसला होता. अकॉर्डियनच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांना सूर लावायचं काम तो बापाच्या वेळेपासून करत होता. आता पेन्शन घेत होता आणि तरी येत होता.

"काय मालक," त्याने झोळीत डोकावून विचारलं, "किती दात आले?"

"एकही नाही," लोरेत्ता म्हणाली. "नुसती जाहिरात चाललीये."

"आपल्याच धंद्यातला दिसतो."

तिने एलिओला टोपलीत ठेवलं. तो लगेच रडायला लागला, तिने लगेच उचललं. "शाळेचं उत्तर आलं, विनिचो. फिनलंडच्या. वाद्यं पसंत आहेत, भाव पसंत आहे. आता म्हणतात, तुमची पेढी कायद्याने चालू आहे, बंद पडलेली नाही, भागीदार कोण कोण आहेत, असा शिक्क्याचा दाखला पाठवा. मग करार."

"म्हणजे हयातीचा दाखला. माझ्या पेन्शनला लागतो तसा." विनिचोने खिशातून शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. "दरसाल जाऊन खिडकीपुढे उभं राहायचं, सांगायचं, बाई, मी आहे अजून. यंदा ती म्हणाली, पुरावा? म्हटलं, बायकोला फोन लावा. तिला माझा रोज त्रास होतो."

लोरेत्ता हसली, पण ते हसू गालापर्यंतच आलं. पेढी चालू होती ती महिनाअखेरपर्यंतच, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांची पेढी म्हणजे मर्यादित भागीदारी, आणि तिला दोन तऱ्हेचे भागीदार लागतात. त्यांच्या घरात त्यांना उभा आणि बसता म्हणत. उभा भागीदार धंदा चालवतो, सह्या करतो, आणि धंदा बुडाला तर सर्वस्वानिशी उत्तर देतो. घर, शेत, बोटातली अंगठी, सगळं त्यात आलं. बसता भागीदार आपला वाटा घालतो. गेला तर तेवढाच जातो. त्याला अट एकच, कारभारात भाग घ्यायचा नाही. घेतला, तर तोही उभा धरला जातो.

आर्कान्जेलोने पेढी काढली तेव्हा पैसा घातला त्याच्या थोरल्या बहिणीने, आर्जियाने. आर्जिया मोठ्या कारखान्यात अकॉर्डियनचे भाते करायची. पुठ्ठ्याला घड्या घालायच्या, घडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर कातडं चढवायचं, हवा म्हणून सुटता कामा नये. त्या टेकडीवर तिच्यासारखा भाता कोणाला जमत नसे. चांगली नोकरी तिने सोडली ती भावाबरोबर काम करायला म्हणूनच. मग दोघं नोटरीकडे गेली आणि नोटरीने कायदा वाचून दाखवला.

नोटरीच्या मनात होत्या सह्या, करार, बँका. आर्कान्जेलोच्या मनात होतं बहिणीचं घर. धुण्याच्या हौदाजवळ आईने दिलेल्या दोन खोल्या. एकट्या बाईचं तेवढंच. तो बाहेर आला तो पांढराफटक पडून.

"आर्जिया, उद्यापासून तू कशाला हात लावायचा नाहीस. एक खिळासुद्धा नाही."

"अरे, सरस तरी ढवळू दे."

"सरससुद्धा नाही. कोणी बघितलं म्हणजे?"

आणि आर्जियाने ते पाळलं. रोज सकाळी ॲप्रन घालून यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. असं सगळं आयुष्य. त्यांचे हिशेब बघणाऱ्या नाझारेनोने कितीदा समजावलं असेल. "अहो, भाता चिकटवायला कायद्याची ना नाही. तुम्ही करार करू नका, बाकी खुशाल काम करा."

"नाझारेनो, तू शिकलेला आहेस," ती म्हणायची. "पण नोटरीने वाचलं ते मी या कानांनी ऐकलंय."

गाव चिडवायचं. लग्नाच्या पंगतीत कोणी मीठ मागितलं की दुसरा म्हणे, "आर्जियाला सांगू नकोस रे, तिचं घर जाईल." तीही हसायची. पण भावाने एखादा कोपरा वाकडा चढवला की मांडीखाली तिची बोटं वळवळत. टेबलाखाली खेळणाऱ्या लहानग्या लोरेत्ताला ती बोटं दिसत, कारण तिचे डोळे बरोबर त्या उंचीवर होते.

पुढे बाप गेला, त्याच्या जागी लोरेत्ता उभी राहिली. आर्जिया बसलीच होती. मग गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी आर्जियाही गेली. घर तिने आधीच मठातल्या सिस्टरांच्या नावे केलं होतं, शेवटचं आजारपण काढायच्या बोलीवर. ती गेली आणि पंधरवड्यात एलिओ आला. एलिओचा बाप कोण हे गावाला माहीत होतं, आणि तो आता गावात नाही, हेही.

कायदा म्हणतो, एका तऱ्हेचा भागीदार उरला नाही तर अर्धं वर्ष थांबू. तेवढ्यात कोणी आणा, नाहीतर पेढी मोडली असं धरू. अर्धं वर्ष या महिन्याच्या शेवटी भरत होतं. रेकानाती गावच्या चुलतबहिणीने फोनवरच सांगितलं होतं, "लोरे, तुला जेवायला घालीन, पोराला सांभाळीन, पण मला कागदात ओढू नकोस." विनिचो तयार होता, पण मेव्हण्याच्या जुन्या जामिनकीचं लचांड त्याच्या नावामागे होतं आणि ते पेढीच्या गळ्यात आलं असतं. पेढी मोडली तर खोली जाणार, वरच्या दोन खोल्याही जाणार. भाडेकरार पेढीच्याच नावावर होता. मग एलिओला घेऊन कुठे जायचं, याचा विचार लोरेत्ता त्याला पाजताना करायची, आणि दूध आटल्यासारखं व्हायचं.

*

नाझारेनोचं ऑफिस चौकात, मिठाईच्या दुकानावर. त्याने शहरातल्या नोंदणी दफ्तरातून दाखला आणवला होता आणि चष्मा कपाळावर चढवून तो त्याच्याकडे बघत बसला होता.

"बस. पोर माझ्याकडे दे. ओकणार नाही ना?"

"सांगता येत नाही. काय म्हणतो दाखला?"

"म्हणतो, पेढी चालू आहे. उभी भागीदार तू." त्याने कागद तिच्याकडे फिरवला. "आणि बसती भागीदार आर्जिया."

लोरेत्ताने वाचलं. वरच्या रकान्यात तिचं नाव. खालच्या रकान्यात कापोमासी आर्जिया, जन्मतारखेसह. मृत्यूचा उल्लेख नाही.

"तुम्ही कळवलं नव्हतं?"

"मी स्वतः कळवलंय. पोचपावती आहे. मागच्या महिन्यात काढलेल्या उताऱ्यात ती नव्हती, तो उताराही आहे." एलिओने त्याचा टाय तोंडात घातला होता, नाझारेनोचं लक्ष नव्हतं. "गेलेलं नाव परत येत नाही, लोरेत्ता. तसा रस्ताच नाही."

"मग हा दाखला पाठवायचा?"

"मेलेल्या बाईला जिवंत म्हणून? शाळेला पाठवलास तर उद्या तूच गुन्हेगार. परत कळवतो, परत मागवतो. तू तोवर माणूस शोध."

उतरताना जिन्यात तिला थोडं हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. कुठल्या तरी कागदावर का होईना, आत्या अजून होती.

*

भात्यांचं काम अडलं होतं. गावातले भातेवाले पुढच्या मोसमापर्यंत गुंतलेले, म्हणून लोरेत्ता स्वतः करत होती. आत्याने शिकवलं होतं, पण तोंडाने. "आणखी आत घे. एवढं नको. आता दाब, दाब, सोड." हाताने एकदाही नाही. त्यामुळे लोरेत्ताचे कोपरे दिसायला ठीक असत, पण भाता ताणला की कुठून तरी बारीक सुस्कारा यायचा.

त्या दुपारी एलिओ फारच किरकिर करत होता. एक कोपरा चारदा उचकटून तिने तसाच टाकला आणि वर जाऊन त्याच्याबरोबर आडवी झाली. गावही झोपलेलं होतं. उठून खाली आली तर भाता टेबलावर होता, जरा उघडून ठेवलेला, वाळायला ठेवतात तसा. तो कोपरा बसलेला होता. कातडं घडीत असं गेलं होतं की शिवण कुठे ते बोटालाही कळू नये. आतल्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, नखाची चंद्रकोर उमटलेली होती.

विनिचो जेवून आला तेव्हा तिने भाता त्याच्यापुढे धरला. "छान केलास. सांगायचंस तरी."

त्याने भाता घेतला, ताणला, कान लावला. आवाज नव्हता. तो आतल्या चंद्रकोरीकडे बराच वेळ बघत राहिला.

"माझ्या हाताला कंप आहे, पोरी," तो म्हणाला. "मला स्वतःची बटणंही लावता येत नाहीत."

त्याने भाता खाली ठेवला, खिडकीकडे न बघता आपल्या टेबलाशी गेला आणि दिवसभर शेंगा काही सोलल्या नाहीत.

दुसऱ्या दुपारी दोन भाते झाले. नंतर जास्त. लोरेत्ताने पाळत ठेवली नाही. ठेवावी असं तिला वाटलंच नाही, आणि असं का वाटलं नाही याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं. एवढं मात्र तिने पाहिलं की टोपली खिडकीजवळ ठेवली तर एलिओ रडत नाही. छताकडे बघत पडून राहतो, आणि मधूनच हसतो. छताकडे बघून हसावं तसा नव्हे. कोणी वाकून तोंड जवळ आणल्यावर लेकरं हसतात तसा.

*

दुसरा दाखला आला तेव्हा नाझारेनोने पोर मागितलं नाही. कॉफीत मिस्त्रा, बडीशेपेची दारू, ओतली, स्वतःच प्यायला, मग कागद सरकवला.

खालचा रकाना रिकामा होता. वरच्या रकान्यात दोन नावं होती. लोरेत्ता. आणि तिच्यावर, वयाने थोरली म्हणून असेल, आर्जिया.

"ही उभी कशी झाली?" लोरेत्ताने विचारलं.

"कायद्याने एकाच रीतीने होतं." त्याने चष्मा काढला. "बसत्या भागीदाराने काम हातात घेतलं तर."

मिठाईच्या दुकानातून खालून भांड्यांचा आवाज येत होता.

"आणि भाता चिकटवला तर? तुम्हीच म्हणायचात, ना नाही म्हणून."

"मी आजही म्हणतो. कायदा तसाच आहे." त्याने चष्मा पुसला. "पण तिने माझं कधी ऐकलं? तिच्या मते, हात लावला की उभं राहायचं. लावला असेल, तर तिच्या मते ती उभी आहे." मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं. "लोरेत्ता, कारखान्यात कोण येतं?"

"कोणी नाही."

"दुपारी?"

ती एलिओच्या पायातला मोजा नीट करत राहिली.

"हे बघ," तो हळू म्हणाला, "हे काय आहे ते मला समजत नाही, आणि मला समजून घ्यायचंही नाही. पण असं असेल तरी तुझं काम होत नाही. दोघी उभ्या आणि बसतं कोणीच नाही. म्हणजे पेढी मोडलीच. महिना संपत आला."

घरी आल्यावर ती शटर अर्धं खाली ओढून आत उभी राहिली. विनिचो गेलेला होता. उन्हाचा पट्टा टेबलावरून खुर्चीच्या पायाशी आला होता. सरसाचा ब्रश भांड्यावर आडवा ठेवलेला होता. ती स्वतः नेहमी उभा ठेवायची.

"आत्या," ती म्हणाली, आणि आवाज निघाल्यावर तिला कसंसं झालं. "राहू दे गं. पप्पाने जन्मभर तुला यातून बाहेर ठेवलं. माझं बुडतंय ते माझं बुडू दे. तू का सगळं लावतेस?"

तिच्या कमरेला झोळीचा जो काच दिवसभर बसत होता तो सैल झाला. कोणी मागून गाठ सोडून, पट्टी सारखी करून, पुन्हा बांधावी तसा. एलिओ तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

तिने मागे वळून बघितलं नाही.

*

महिन्याच्या अखेरच्या दिवशी नाझारेनो स्वतः आला. एवढा उतार तो कधी उतरत नसे. दारातच थांबला, आत काही आला नाही, आणि तिसरा दाखला पायरीवरूनच तिच्या हातात दिला.

"दफ्तरातल्या बाईला म्हटलं, पुन्हा एकदा छापा. तिने छापला, शिक्का मारला. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही दाखवता येणार नाही."

उभी भागीदार: कापोमासी आर्जिया.

बसती भागीदार: कापोमासी लोरेत्ता.

पेढी चालू आहे. मोडलेली नाही. मोडण्याचं कारण नाही.

"मी काही सही केली नाही," लोरेत्ता म्हणाली.

"माहीत आहे."

"मग आता माझ्यावर..."

"तुझ्यावर काही नाही. धंदा बुडाला तर तुझा वाटा जाईल, बस. तुझ्या नावावरच्या कशाला, तुझ्या पोराच्या घासाला कोणी बोट लावू शकत नाही." त्याचे डोळे ओले होते की उतार उतरून पाणी आलं होतं कोण जाणे. "आर्कान्जेलोने तिच्यासाठी केलं तेच तिने तुझ्यासाठी केलं. सगळं आपल्या अंगावर घेतलं. आता तिला मेलेली मी तरी म्हणणार नाही, पाठव हा दाखला."

"पण सर्वस्वानिशी उत्तर द्यायचं म्हणजे... तिच्याकडे आहे काय आता? घर सिस्टरांना गेलं."

"तोच विचार मी उतरताना करत होतो," नाझारेनो म्हणाला. खोलीतल्या कोणाला तरी नमस्कार केल्यासारखी त्याने टोपी काढून मान लववली, आणि वळला.

दाखला त्या दुपारीच शाळेला गेला. करार झाला.

लोरेत्ता टेबलाशी बसली. उरलेल्या भात्यांपैकी एक घेतला, कातडं कापलं, सरस लावला, दाबलं.

कातडं निसटलं.

पुन्हा लावलं. पुन्हा निसटलं. सरस गरम होता, ताजा होता. स्क्रू घेतला तर फिरेना. बोटं हलत होती, पण जणू कामापर्यंत पोचत नव्हती.

"राहू दे, पोरी," विनिचो आपल्या टेबलावरून म्हणाला. वर बघितलंच नाही. "तू बस."

ती बसली. खिडकीजवळ.

एलिओ जन्मल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याला घाई न करता पाजलं. तो पीत पीत तिच्या बटणाशी खेळला, मध्ये थांबून तिच्याकडे बघितलं, पुन्हा प्यायला. खाली शेतावर ढगाची सावली सरकत होती. विनिचो जेवायला गेला. किती महिन्यांची झोप अंगात साठली होती, ती सगळी एकदम आली.

जागी झाली तेव्हा मांडीवर एलिओ नव्हता.

तो टोपलीत होता. कुशीवर, पांघरूण हनुवटीखाली दुमडलेलं, दोन्ही मुठी उघड्या. शांत झोपलेला.

ती गुडघ्यावर बसली आणि त्याच्या गालाला नाक लावलं.

गालाला सरसाचा वास होता. ताज्या, गरम सरसाचा.

*

वाद्यांच्या पेट्या फिनलंडला गेल्यानंतरच्या रविवारी ती एलिओला घेऊन कबरस्तानात गेली. इतके दिवस जमलंच नव्हतं. आत्यासाठी रानातली पिवळी फुलं तोडून घेतली होती. दुकानातली फुलं आणली तर आत्या ओरडली असती. आत्याने हयातीतच, स्वतःच्या पैशाने, शवपेटी ठेवायच्या भिंतीतला, समुद्राकडच्या ओळीतला कोनाडा घेऊन ठेवला होता; घर दिल्यावर तिच्या नावावर तेवढंच उरलं होतं. "तिथे ऊन येतं," ती सांगायची. "आणि तिथे तरी मला बसवून ठेवणार नाही कोणी. आडवी होईन."

ओळ सापडली. एका बाजूला चेझिराबाई, दुसऱ्या बाजूला पेदिनी पतीपत्नी, दोघांच्या फोटोंपुढे दिवे. मधल्या कोनाड्यावर नावाची फरशी नव्हती. कोनाडा उघडा होता, आणि राखणदार बादली खाली ठेवून फडकं पिळत होता.

"इथे माझी आत्या आहे," लोरेत्ता म्हणाली. "आर्जिया कापोमासी."

त्याने आत बघितलं, मग तिच्याकडे. "इथे कोणी नाही, बाई. जागा परत आलीये. सोडली की आतून पुसून घेतो आम्ही."

"कोणी सोडली?"

"ज्याची होती त्यानेच ना. दुसऱ्याला कशी सोडता येईल?" तो बाजूला झाला. "हवी असली तर बघून ठेवा. या ओळीतल्या जागा शिल्लक राहत नाहीत. आत हात घालून बघा, ओल बिलकूल नाही."

एलिओ तिच्या खांद्यावर झोपला होता. फुलं काखेत धरून तिने कोपरापर्यंत हात आत घातला.

ओल नव्हती. दगडाचा गारवाही नव्हता. माणूस आत्ताच उठून कामाला गेलं की अंथरुणात राहते, तेवढी ऊब होती.